गाडी बारा तास उभी, चार्जिंग दोन तासांचं: स्वस्त विजेचं वेळापत्रक कसं बसवायचं

संध्याकाळी सात वाजता गाडी घरी येते. सवयीने चार्जरची वायर गाडीला लागते, दिवा लुकलुकतो, चार्जिंग सुरू होतं. नऊच्या सुमारास ते संपतंही. मग सकाळी सात वाजेपर्यंत गाडी नुसती उभी. ह्या बारा तासांत वीज लागली ती दोनच तास, आणि ते दोन तास नेमके विजेच्या सर्वाधिक मागणीचे. तेच चार्जिंग रात्री बारा ते दोन झालं असतं तरी सकाळी गाडी तेवढीच भरलेली मिळाली असती. जिथे वीजदर वेळेनुसार बदलतो, तिथे फरक पडला असता तो फक्त बिलात.

घरातल्या बाकीच्या उपकरणांचं असं नसतं. स्वयंपाक जेवणाआधीच करावा लागतो, दिवा अंधार पडल्यावरच लागतो, उकाडा असेल तेव्हाच पंखा हवा. इलेक्ट्रिक गाडी हे घरातलं कदाचित सर्वांत जास्त वीज खाणारं यंत्र आहे, पण तिला सवड आहे. ‘सकाळपर्यंत कधीही द्या’ असं म्हणणारं दुसरं मोठं गिऱ्हाईक घरात सापडणार नाही. घरच्या चार्जिंगमधली सगळी बचत ह्या सवडीतून येते. ती नीट वापरायची तर थोडा हिशेब करावा लागतो, थोडी मांडणी करावी लागते, आणि दोन-तीन ठिकाणी हमखास होणाऱ्या चुका टाळाव्या लागतात.

दर बदलतो कशामुळे?

वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. बॅटऱ्या आहेत, पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारे जलविद्युत प्रकल्पही आहेत, पण एकूण वापराच्या मानाने त्यांचा वाटा लहान आहे. त्यामुळे जेवढी वीज ह्या क्षणी वापरली जाते, तेवढी ह्याच क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल सांभाळला जातोय की नाही हे ग्रिडच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याच्या, वारंवारतेवरून कळतं. ती कुठे ५० हर्ट्झ असते, कुठे ६०. मागणी वाढली आणि पुरवठा मागे पडला की जनित्रांवर ओढ येऊन ती किंचित मंदावतात आणि वारंवारता घसरते. ती सावरण्यासाठी कुठलंतरी केंद्र लगेच जास्त वीज देऊ लागतं.

संध्याकाळी माणसं घरी परततात आणि सगळं एकदम चालू होतं. त्या तीन-चार तासांसाठी अशी केंद्रं सुरू करावी लागतात, जी दिवसाचा उरलेला वेळ बंदच असतात. त्यांत बहुधा गॅसवर चालणारी, पटकन पेटणारी पण महागडी टर्बाइन्स असतात. त्यांचं इंधन महाग पडतं, आणि उभारणीचा खर्चही वर्षातल्या मोजक्या तासांतून वसूल करायचा असतो. तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांचंही तसंच. त्यांची क्षमता सरासरी मागणी बघून ठरत नाही, सर्वांत गर्दीच्या तासावरून ठरते.

मध्यरात्रीनंतर चित्र उलटं होतं. मागणी खाली येते, पण अणुऊर्जेची आणि कोळशाची मोठी केंद्रं काही तासांसाठी बंद करून परत चालू करणं सोपं नसतं. वारा रात्रीही वाहत असतो. म्हणजे वीज आहे, गिऱ्हाईक कमी आहे. तेव्हा वीज कंपनी म्हणते, आत्ता वापरा, कमी दरात देतो.

ही कल्पना इलेक्ट्रिक गाड्यांपेक्षा बरीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी ७’ नावाचा दर सुरू झाला. त्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त. लोक त्या वेळेत हीटरमधल्या जड विटा तापवून ठेवत, आणि दिवसभर त्या विटा हळूहळू ऊब देत राहत. आपल्या गाडीतली बॅटरी हेच काम करते, फक्त उष्णतेऐवजी ती प्रवास साठवते.

‘रात्र म्हणजे स्वस्त’ हे समीकरण मात्र आता सगळीकडे लागू पडत नाही. जिथे छतांवर आणि माळांवर सौर पॅनेल भरपूर आहेत, तिथे भर दुपारी वीज ओसंडून वाहते आणि सूर्य कलताच टंचाई सुरू होते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने २०१३ साली ह्याचा एक आलेख मांडला. सौर आणि पवनऊर्जा वजा केल्यावर उरणारी मागणी दुपारी पोटासारखी खाली लोंबते आणि संध्याकाळी मानेसारखी सरळ वर चढते, म्हणून त्या आकृतीला ‘डक कर्व्ह’, म्हणजे बदकाचा आलेख, असं नाव पडलं. अशा ग्रिडवर स्वस्त तास दुपारचे असू शकतात. तेव्हा पहिलं काम एकच: आपल्या वीज कंपनीचं दरपत्रक उघडून स्वस्त तास नक्की कोणते ते वाचायचं. सुट्टीच्या दिवशी वेगळे आहेत का, उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतात का, हेही तिथेच लिहिलेलं असतं. शेजाऱ्याने सांगितलेली वेळ त्याच्या योजनेची असते. आपली योजना वेगळी असू शकते.

आपल्याला रोज किती वीज लागते?

ह्या प्रश्नावर बहुतेकांचा अंदाज फार वर जातो, कारण आपण बॅटरीच्या आकाराचा विचार करत बसतो. साठ युनिटची बॅटरी, मग साठ युनिट भरायला किती तास लागतील? पण रोज कोणी बॅटरी पूर्ण रिकामी करत नाही. विचार करायचा तो त्या दिवशी कापलेल्या अंतराचा.

मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ ते १८ युनिट वीज वापरते. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. त्यात चार्जिंगमधली गळतीही धरावी लागते. भिंतीतून येणारी वीज प्रत्यावर्ती (एसी) असते, बॅटरीत जाते ती एकदिश (डीसी). हे रूपांतर गाडीतला चार्जर करतो आणि त्यात साधारण दहा टक्के वीज उष्णता होऊन जाते. मीटरवर पडणारा आकडा ह्या गळतीसकट असतो. सोयीसाठी मीटरवरचे १७.५ युनिट दर १०० किलोमीटरला असं धरू. म्हणजे रोज ४० किलोमीटर चालवणाऱ्याला दिवसाला ७ युनिट लागतात.

आता हे ७ युनिट भरायला वेळ किती लागेल ते पाहू. २३० व्होल्टच्या साध्या सॉकेटमधून १० अँपिअर घेतले तर २.३ किलोवॉट मिळतात, म्हणजे तीन तास. १६ अँपिअरला ३.७ किलोवॉट, म्हणजे दोन तासांना थोडं कमी. भिंतीवर लावलेला ३२ अँपिअरचा चार्जर ७.४ किलोवॉट देतो, म्हणजे तासाभरात काम संपतं.

समजा आपले स्वस्त तास रात्री अकरा ते पहाटे पाच, असे सहा आहेत. त्या सहा तासांत साध्या सॉकेटमधून १३.८ युनिट येतात, म्हणजे जवळजवळ ८० किलोमीटर. १६ अँपिअरमधून २२ युनिट, म्हणजे सव्वाशे किलोमीटर. ३२ अँपिअरमधून ४४ युनिट, म्हणजे अडीचशे किलोमीटर. हा हिशेब मी मुद्दाम सविस्तर मांडला, कारण गाडी घेतल्यावर लोक सगळ्यांत मोठा चार्जर बसवण्याच्या मागे लागतात आणि त्यासाठी घराचा मंजूर भार वाढवून घेतात. रोजचा प्रवास पन्नास-साठ किलोमीटरच्या आत असेल आणि स्वस्त तास पाच-सहा असतील, तर बहुतेकांना १६ अँपिअर पुरून उरतात. गाडी खूप चालते, किंवा स्वस्त तास तीन-चारच आहेत, अशांनी मोठ्या चार्जरचा विचार जरूर करावा.

फार हळू चार्ज करण्याचाही एक तोटा आहे. चार्जिंग चालू असताना गाडीतले संगणक, पंप आणि पंखे जागे असतात आणि त्यांना स्वतःसाठी दोन-तीनशे वॉट लागू शकतात. ७.४ किलोवॉटमध्ये तेवढं जाणवत नाही. २.३ किलोवॉटमध्ये मात्र तो दहावा हिस्सा होतो, आणि तोही जास्त तास. म्हणून वायरिंग चांगलं असेल तर १० अँपिअरपेक्षा १६ बरे.

एखाद्या दिवशी लांबचा प्रवास होतो आणि बॅटरी २० टक्क्यांवर येते. ६० युनिटची बॅटरी ८० टक्क्यांवर न्यायची तर मीटरवर ४० युनिट पडतात, आणि ३.७ किलोवॉटने त्याला जवळजवळ अकरा तास लागतात. ते सहा तासांच्या खिडकीत बसत नाहीत. बसवायचीही गरज नाही. उद्या चाळीसच किलोमीटर जायचं असेल तर आज रात्री निम्मं भरावं, उरलेलं उद्या रात्री. रोज सकाळी ठरलेली टक्केवारी गाठलीच पाहिजे हा हट्ट सोडला की महागड्या तासांत शिरायची वेळ क्वचितच येते.

दर घराला लागू होतो, एकट्या गाडीला नाही

हा भाग चुकला तर बाकीचं सगळं नीट करूनही बिल वाढतं.

बऱ्याच ठिकाणी वेळेनुसार दराची योजना घेतली की ती पूर्ण घराला लागते. रात्रीचा दर उतरतो, त्याच वेळी संध्याकाळचा दर चढतो. म्हणजे गाडीवर वाचतं आणि घरखर्चात जातं. कुठल्या बाजूचं पारडं जड, ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

कल्पित आकडे घेऊन पाहू. सरसकट दर युनिटला १०० धरू. वेळेनुसार योजनेत रात्री ६०, दिवसा ११०, संध्याकाळच्या गर्दीत १४०. घराचा महिन्याचा वापर २५० युनिट: संध्याकाळी ९०, दिवसा १३०, रात्री ३०. गाडी महिन्याला २०० युनिट, सगळे रात्री.

सरसकट दराने ४५० युनिटचे ४५,००० होतात. नव्या योजनेत घराचे २८,७०० आणि गाडीचे १२,०००, मिळून ४०,७००. म्हणजे ४,३०० वाचले, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास.

आता गाडी कमी चालते असं समजू, महिन्याला ६० युनिट. सरसकट दराने ३१,०००, नव्या योजनेत ३२,३००. इथे नुकसान झालं. ह्या उदाहरणात घराचा खर्च नव्या योजनेमुळे ३,७०० ने वाढतो आणि गाडीच्या प्रत्येक युनिटमागे ४० वाचतात. म्हणजे गाडीने निदान ९३ युनिट घेतले तरच योजना परवडते. आपल्या धरलेल्या सरासरीने ते महिन्याला सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटर झाले.

आणि एक तिसरा प्रसंग, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडीचे २०० युनिटच आहेत, पण टायमर नीट न लागल्यामुळे त्यातले ६० संध्याकाळी भरले गेले. गाडीचा खर्च १२,००० वरून १६,८०० झाला. एकूण ४५,५००. सगळी बचत गेलीच, वर सरसकट दरापेक्षा ५०० जास्त पडले. महिन्यातल्या आठ-नऊ रात्री वेळापत्रक फसलं तर एवढं होतं.

म्हणून योजना बदलण्याआधी आपल्या मागच्या बिलांवरून असाच कागद मांडून बघावा. काही वीज कंपन्या गाडीसाठी वेगळं मीटर आणि वेगळा दर देतात. तसं असेल तर घराचा प्रश्नच येत नाही, पण त्या मीटरचा स्थिर आकार मात्र हिशेबात धरायला हवा.

घड्याळ एकाच ठिकाणी

चार्जिंगची वेळ तीन ठिकाणी लावता येते. गाडीच्या पडद्यावर किंवा तिच्या ॲपमध्ये. भिंतीवरच्या चार्जरमध्ये किंवा त्याच्या ॲपमध्ये. किंवा वीज कंपनीच्या अथवा तिसऱ्याच एखाद्या सेवेकडे ताबा देऊन. तिन्ही चालतात. दोन एकदम चालत नाहीत. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात तसं होतं.

आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात हे घडलं. गाडीत रात्री अकराची वेळ लावली होती, चार्जरच्या ॲपमध्ये बाराची. अकराला गाडी जागी झाली, वीज मागितली, चार्जरने दिली नाही. थोडा वेळ वाट बघून गाडी झोपली. बाराला चार्जर तयार झाला, पण गाडी उठलीच नाही. सकाळी बॅटरी रात्री होती तिथेच, आणि त्या दिवशी नेमकं लांब जायचं होतं.

असं का होतं हे समजून घेतलं तर बरेच घोळ उलगडतात. चार्जर म्हणून आपण जे भिंतीवर लावतो तो खरं तर एक हुशार स्विच आहे. वीज रूपांतरित करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. वायरीतल्या एका बारीक तारेतून दोघांचं बोलणं चालतं. भिंतीवरचा डबा सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा एक संकेत पाठवतो. त्यातला ‘चालू’चा हिस्सा किती, ह्यावरून गाडीला कळतं की किती करंट घ्यायची परवानगी आहे. निम्मा वेळ चालू असेल तर ३० अँपिअर, दहावा हिस्सा चालू असेल तर ६ अँपिअर. सहाच्या खाली परवानगीच नाही. गाडी त्याच तारेवरचा व्होल्टेज बदलून उत्तर देते: नऊ व्होल्ट म्हणजे ‘मी जोडलेली आहे’, सहा व्होल्ट म्हणजे ‘मला वीज हवी’. दोघांचं जमलं की डब्यातला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, बसतो आणि वीज वाहू लागते. संवादात दोघंही आपापल्या घड्याळाने ‘थांब’ म्हणू लागले, की कोण कुणासाठी थांबलंय हेच दोघांना कळत नाही.

म्हणून एकात वेळ लावा, दुसऱ्याला ‘जोडलं की सुरू’ ह्या स्थितीत ठेवा. कुठे लावावी? गाडी एकच असेल तर माझा कौल गाडीच्या बाजूने आहे. बॅटरीत किती शिल्लक आहे हे गाडीला नक्की माहीत असतं, साध्या चार्जरला ते कळत नाही. बऱ्याच गाड्यांत ‘हे वेळापत्रक फक्त घरी’ असंही सांगता येतं. ती सोय चालू ठेवली नाही तर प्रवासात दुसरीकडे वायर लावल्यावर गाडी मध्यरात्रीची वाट बघत बसते. घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील, किंवा छतावर सौर पॅनेल असतील, तर घड्याळ चार्जरकडे दिलेलं बरं. सहा अँपिअरची मर्यादा सौरवाल्यांनी लक्षात ठेवावी: २३० व्होल्टला ते जवळजवळ १.४ किलोवॉट होतात. त्याहून कमी वीज शिल्लक असेल तर एका फेजवर गाडी ती घेऊच शकत नाही.

चार्जर घेताना एक प्रश्न विचारावा, जो सहसा कोणी विचारत नाही. वेळापत्रक डब्यातच साठवलेलं असतं की कंपनीच्या सर्व्हरवर? सर्व्हरवर असेल तर घरचं इंटरनेट गेलेल्या रात्री काय होतं? आणि वीज जाऊन परत आली तर डबा वेळापत्रक पाळतो की लगेच चार्जिंग सुरू करतो? उत्तर मिळालं नाही तर स्वतः करून बघावं. संध्याकाळी वायर लावून एमसीबी, म्हणजे त्या सर्किटचा सुरक्षा स्विच, पाडायचा, थोड्या वेळाने चढवायचा आणि काय होतं ते पाहायचं.

पाण्याच्या पंपासाठी वापरतात तसला साधा टायमर सॉकेटला लावून काम भागवावं असं काहींना वाटतं. ते करू नये. गाडी स्वतः थांबते तेव्हा आधी करंट कमी करते, मग काँटॅक्टर उघडतो. टायमर मात्र पूर्ण करंट वाहत असतानाच वीज तोडतो, आणि त्यातले संपर्क तासन्‌तास एवढा भार वाहण्यासाठी बनवलेले नसतात.

‘कधी सुरू’ की ‘कधीपर्यंत’?

गाडीत बहुधा दोन पर्याय दिसतात. एक, सुरू होण्याची वेळ. दुसरा, निघण्याची वेळ. दिसायला सारखे, पण परिणाम वेगळा.

सुरुवातीची वेळ लावली तर अकराला चार्जिंग सुरू होतं आणि ठरलेल्या टक्केवारीला थांबतं. सरळ आहे. मात्र संपण्याची वेळ वेगळी सांगितली नसेल तर जास्त भरायचं असलेल्या दिवशी ते पाचच्या पुढेही चालू राहतं, सकाळच्या दरात. निघण्याची वेळ सात लावली तर काही गाड्या उलटा हिशेब करून बरोबर सातला संपेल असं चार्जिंग पाच वाजता सुरू करतात, म्हणजे स्वस्त तास संपल्यावर! ज्या गाड्यांत निघण्याच्या वेळेबरोबर ‘कमी दराचे तास’ वेगळे भरायची जागा असते, तिथे दोन्ही भरावेत. मग गाडी आधी ते तास वापरते आणि अपुरे पडले तरच बाहेर जाते. माझ्या मते हाच सर्वांत चांगला पर्याय, आणि तो मेनूत जरा खोलवर असतो म्हणून अनेकांच्या नजरेतून सुटतो.

निघण्याच्या वेळेजवळ चार्जिंग संपण्याला बॅटरीच्या तब्येतीचंही कारण आहे. लिथियम-आयन बॅटरी खूप भरलेल्या अवस्थेत, विशेषतः उष्णतेत, पडून राहिली की लवकर जुनी होते. संध्याकाळी नऊला १०० टक्के भरून रात्रभर उभी ठेवण्यापेक्षा पहाटे पाचला ८० टक्क्यांवर थांबलेली गाडी जास्त सुखात असते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला रोज ८० टक्क्यांच्या आसपास मर्यादा ठेवावी आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरावी. लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, बॅटरीचं वेगळं. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे किती टक्के शिल्लक आहे हे गाडीला व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. म्हणून अनेक कंपन्या ती अधूनमधून, बहुधा आठवड्यातून एकदा, १०० टक्के भरायला सांगतात. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत जे लिहिलंय ते अंतिम मानावं.

थंड हवेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी पटकन भरायला गेलं तर तिच्या आत धातुरूप लिथियमचा थर जमू लागतो, म्हणून गाडी आधी बॅटरी ऊबदार करते आणि त्यात वीज जाते. निघण्याच्या वेळेशी जोडलेलं चार्जिंग इथे फायद्याचं ठरतं, कारण सकाळी बॅटरी चार्जिंगमुळे आधीच थोडी तापलेली असते. निघण्यापूर्वी केबिन गरम किंवा गार करून घेणं महागड्या तासात पडलं तरी बिनधास्त करावं. तो खर्च बहुधा एखाद्या युनिटचा असतो, आणि तेवढी वीज रस्त्यावर बॅटरीतून जात नाही.

रात्रभर वाहणारा करंट

मिक्सर पाच मिनिटं चालतो, इस्त्री तापते आणि थांबते. गाडी तीन, चार, सहा तास एकसारखी पूर्ण करंट ओढते, आणि ते घरातले सगळे झोपलेले असताना. ही गोष्ट मी हलक्यात घ्यायला तयार नाही.

सॉकेटमध्ये, पिनेवर, स्क्रूखाली कुठेही सांधा सैल असेल तर तिथे उष्णता साठत जाते. अमेरिकेच्या विद्युत नियमावलीत तीन तास किंवा अधिक चालणारा भार ‘सलग’ धरला जातो आणि त्यासाठी सर्किट सव्वापट क्षमतेचं लागतं. ३२ अँपिअरच्या चार्जरला ४० अँपिअरचं. कुठल्याही देशात राहत असलात तरी विचार तोच ठेवावा: गाडीसाठी स्वतंत्र सर्किट, नीट अर्थिंग, गळती ओळखणारा सुरक्षा स्विच, आणि काम परवानाधारक वायरमनकडून. एक्स्टेंशन बोर्ड नको. पहिल्या काही रात्री तासाभराने प्लगचा बाहेरचा भाग हाताने चाचपून बघावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवून वायरमनला बोलवावं.

इथेही सवड मदतीला येते. सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १६ अँपिअरवरून १० वर आलात तर ती चाळीस टक्क्यांपेक्षा कमी उरते. वायरिंग जुनं असेल आणि रात्र मोठी असेल, तर गाडीच्या पडद्यावरून करंट उतरवून जास्त तास चार्ज करणं शहाणपणाचं. चार्जिंगमध्ये थोडी जास्त वीज वाया गेली तरी सोसावी.

सगळ्यांनी बाराचाच गजर लावला तर

एका गल्लीतल्या दहा गाड्या बरोबर बाराच्या ठोक्याला सुरू झाल्या तर गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर तेव्हाच नवी गर्दी होते. ट्रान्सफॉर्मर रात्री निवायचा, आता रात्रीच त्याला काम. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी घरगुती स्मार्ट चार्जरना म्हणूनच दहा मिनिटांपर्यंतचा आपोआप उशीर घालायला लावला आहे, प्रत्येकाचा वेगळा. तुमचा चार्जर बाराऐवजी बारा वाजून सात मिनिटांनी सुरू झाला तर तो बिघाड समजू नका. आणि तुम्ही स्वतः वेळ लावत असाल, तर अकरा वाजताच सुरू करण्याऐवजी एक किंवा दीड ठेवा. दोन तासांचं काम सहा तासांच्या खिडकीत कुठेही बसतं.

काही देशांत दर तासाला, किंवा त्याहूनही कमी वेळात, बदलणारा दर घेता येतो. दुसऱ्या दिवशीचे भाव आदल्या दिवशी जाहीर होतात आणि ॲप त्यातले स्वस्त तुकडे निवडून चार्जिंग बसवतं. वारा आणि ऊन भरपूर असलेल्या दिवशी घाऊक भाव शून्याखालीही गेलेले आहेत. हे हाताने सांभाळायचं काम नव्हे. तिथे निघण्याची वेळ आणि हवी ती टक्केवारी सांगून ताबा ॲपकडे द्यावा, मात्र ‘निदान इतके टक्के लगेच भर’ ही खालची मर्यादा जरूर घालावी. रात्री-अपरात्री अचानक निघावं लागलं तर तीच उपयोगी पडते.

मीटरला विचारा

सगळं लावून झालं की ॲपमधल्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. स्वस्त तास सुरू होण्याआधी मीटरचा आकडा लिहा, संपल्यावर पुन्हा लिहा. स्मार्ट मीटर असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तासागणिक वापराचा आलेख मिळतो. गाडीचा उंचवटा त्यात लगेच डोळ्यांत भरतो, आणि तो बरोबर खिडकीत बसलाय की कडेने बाहेर सांडतोय तेही दिसतं.

मीटरचं स्वतःचं घड्याळ हा वेगळाच विषय आहे. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथे काही जुनी मीटर वर्षभर एकाच वेळेवर चालतात. बिल त्या मीटरच्या वेळेने होतं, भिंतीवरच्या घड्याळाने नाही. अशा ठिकाणी वर्षातून दोनदा वेळापत्रक पुन्हा तपासावं लागतं. गाडीचं किंवा चार्जरचं सॉफ्टवेअर नवं झालं की त्या रात्रीही बघावं, कारण कधीकधी अपडेटनंतर टायमर पुसला जाऊन गाडी पुन्हा ‘जोडलं की सुरू’ ह्या स्थितीत आलेली असते, आणि ते कळतं महिन्याने, बिल हातात आल्यावर.